थोरल्याचा आवाज

चित्रपट मुके होते तोवर धाकट्याचं बरं चाललं होतं. दारुडा, सावकार, बहिरा वैद्य, म्हणाल ते तो करून दाखवी, आणि काम संपलं की चेहरा असा पुसून टाकी की स्टुडिओच्या फाटकावरचा पहारेकरी रोज नव्याने विचारी, "कोण पाहिजे?"

चित्रपट बोलू लागले आणि भाव आला थोरल्या भावाला. चेहरा बेताचाच, पण आवाज! तांब्याच्या हंड्यात खडी ओतावी तसा. रेडिओवर दर आठवड्याच्या श्रुतिकेत तो खाष्ट आजोबा व्हायचा. आधी "अं हं!" करून घसा साफ करायचा, मग एकेका शब्दाला कान धरून बाहेर काढायचा. त्या "अं हं"ने घरोघरची पोरं ताठ बसत.

आणि नेमकी त्याच घशात गाठ निघाली. डॉक्टरांनी गाठ काढली, तिच्याबरोबर आवाजही गेला.

रेडिओचे साहेब भेटायला आले. थोरल्याने पाटीवर लिहिलेलं वाचून मटकन पलंगाच्या कडेवर बसले. "आजोबा गेले तर श्रुतिकाच गेली की हो!"

"अं हं! साहेब, खुर्ची दिसत नाही का? आजारी माणसाच्या पायांवर बसताय!"

साहेब उडालेच. आवाज स्वयंपाकघराच्या दारातून आला होता, आणि दारात धाकटा उभा होता. थोरला पोट धरून हसला. त्या हसण्यालाही आवाज नव्हता.

तेव्हापासून नाव थोरल्याचं, आवाज धाकट्याचा. बाहेर कुणाला पत्ता नाही. कार्यक्रम थेट जायचा; बोललेलं हवेत विरायचं, मागे काही उरायचं नाही. धाकटा घरी आला की थोरल्याची पाटी तयार असे.

"मी इतका नाकात बोलतो?"

"बोलतोस, दादा."

"खोटं. तुझ्या वहिनीला विचार."

"भावोजींनी कमीच केलंय," वहिनी आतून म्हणे. "घोरता तेही नाकातच."

कार्यक्रम संपताना निवेदक थोरल्याचं नाव घेई. हातातला कागद वाजू न देता धाकटा ते ऐकत उभा राही. एकदा तरी तिथे आपलं नाव यावं, एवढंच त्याला वाटे. पण ते यायचं तर आधी काय व्हावं लागेल, हेही त्याला ठाऊक होतं. म्हणून तो विचार तो तिथल्या तिथे गिळी.

वर्ष-दीड वर्षाने ते झालं. थोरला गेला.

"आता तुमचंच नाव," साहेब म्हणाले. "हक्काचं आहे."

निवेदकाने जड आवाजात निधनाची बातमी दिली, मग नव्या आजोबांचं नाव सांगितलं. धाकट्याने काहीही नवं केलं नाही. तोच "अं हं", तेच नाक.

त्या आठवड्यात तो एका अनोळखी न्हाव्याकडे दाढीला बसला. गालाला फेस लावता लावता न्हावी म्हणाला, "ऐकलंत का नवे आजोबा? छ्या! रक्ताचा भाऊ आहे म्हणे, आणि तरी जमत नाही, म्हणजे बघा! परवापरवापर्यंत काय आवाज लागायचा हो त्यांचा! मरणाच्या दारात होता माणूस, पण खणखणीत!"

तोवर वस्तरा गळ्यावर आला होता. धाकट्याने हनुवटी वर केली.

साहेबांनीही तेच ऐकवलं. "सगळीकडून तक्रारी. लोकांना पटत नाहीये."

"मग खरं सांगून टाका ना, साहेब."

"काय सांगू? इतके दिवस फसवलं म्हणून? माझं जाऊ द्या. तुमच्या दादांना लोक काय म्हणतील?"

श्रुतिका बंद झाली. पुढे धाकट्याला चित्रपटात कामं मिळाली ती दार उघडणाऱ्या नोकराची. दार उघडायचं, बाजूला व्हायचं.

एका दुपारी वहिनीने त्याच्यापुढे चहा ठेवला आणि ती पदराशी चाळा करत उभी राहिली.

"भावोजी, एकदा यांच्यासारखी हाक मारता का? घर खायला उठतं हो."

धाकट्याने कप खाली ठेवला. घसा खाकरला, आणि थांबला.

"नको, वहिनी," तो स्वतःच्या बारीक आवाजात म्हणाला. "लोक म्हणतात, मला जमत नाही."