गप्प पोरांचे सर

“गप्प बसलेलं पोर समाधानी आहे, असं कोणी सांगितलं तुम्हाला?” हे वाक्य आमचे सर स्टाफरूममध्ये इतक्या वेळा टाकत, की शिपायालाही पाठ झालं होतं.

मी परळच्या एका कॉलेजात क्लार्क. सर तिथे तासिका तत्त्वावर अर्थशास्त्र शिकवत. म्हणजे दरवर्षी नेमणूक नवी, धाकधूक तीच.

त्यांचा वर्ग ऑफिसला लागून, त्यामुळे हजेरी मला रोज ऐकू यायची. तऱ्हाच न्यारी! नुसतं ‘हजर’ चालायचं नाही, सोबत काल पाहिलेलं काहीतरी सांगायचं. बोलकी पोरं सुसाट सुटायची. पण वरळीच्या बीडीडी चाळीतली एक मुलगी ‘हजर’ म्हणून खाली बघायची. सर थांबायचे. वर्ग चुळबुळायचा. मग म्हणायचे, “उद्या सांग हं. घाई नाही.” वर्षभर हेच.

मी एकदा म्हटलं, “सर, ती नाय बोलायची. कशाला डोकं फोडताय?”

“अहो, उद्या पुन्हा येते ना? मग झालं तर.”

मार्चमध्ये विद्यार्थी समाधानाचा फॉर्म आला, मोबाईलवर भरायचा. पुढच्या वर्षीची नेमणूक त्यावरच ठरणार होती. बाकीच्या शिक्षकांनी वर्गात उभं राहून फॉर्म भरून घेतले. आणि आमचे सर काय म्हणाले असतील? “ज्याला मनापासून वाटेल त्यानेच भरा.” झालं! भरले ते पुढच्या बाकांवरच्या बोलघेवड्यांनी. त्यांनी लिहिलं, ‘हजेरीत वेळ फुकट जातो.’

मी कपाळावर हात मारला. “अजून दोन दिवस आहेत सर. त्या गप्प पोरांना सांगा की! नोकरी जाईल तुमची.”

“वर्षभर त्यांच्यावर बोलायची सक्ती केली नाही. आता माझ्या पोटासाठी करू?”

मला राग आला. आजही येतो. एवढा भला माणूस, पण स्वतःच्या बाबतीत असला हट्टी! तुम्हीही पाहिली असतील अशी माणसं.

नेमणूक झाली नाही. सर गेले.

जूनमध्ये ती मुलगी ऑफिसच्या खिडकीशी आली. “सर कुठल्या वर्गावर आहेत?”

“नाहीत गं आता. फॉर्मात गुण कमी पडले.”

ती गज धरून उभी राहिली. मग बॅगेतून मोबाईल काढला.

“मी भरला नव्हता,” ती म्हणाली. “मला वाटलं, सरांना माहीतच असेल. आता भरला तर चालेल?”

लिंक एप्रिलात मीच बंद केली होती.