वर्षभर मुरवलेला, असं मी लिहिलं होतं

मला लिहिणं मोर्च्यांच्या पत्रकांनी शिकवलं. दवाखान्यात डॉक्टर नाही, रेशनच्या दुकानाला कुलूप, तलावाचा ठेका बाहेरच्याला, असे विषय. पहिल्या ओळीत आरोप, शेवटच्या ओळीत मागणी. साकोलीच्या एसटी स्टँडच्या भिंतीला खळ लावून पत्रक चिकटवलं की माझं काम संपायचं. भिंत उलटून काही विचारत नाही.

सानगडीच्या माझ्या धाकट्या मावशीनं तिच्या बचत गटासाठी लिहायला बोलावलं, तेव्हा मला एवढंच येत होतं. गटातल्या अकरा बायका आपापल्या बांधीतला, म्हणजे भातखाचरातला, सुवासिक चिन्नोर तांदूळ थेट पुण्या-मुंबईला पाठवणार होत्या. व्यापारी त्यात साधा तांदूळ मिसळून चिन्नोर म्हणून विकतात, याची मला मनापासून चीड होती. म्हणून मी हो म्हटलं.

लिहायचं कुठे, हा पहिला प्रश्न. साकोलीत कॉम्प्युटरचं दुकान चालवणारे एक भाऊ तयार वेबसाइट देत होते. चकचकीत, वर सरकणारे फोटो, पण ग्राहकाला बोलायला तिच्यात जागा नाही. सोशल मीडियावरचं पान सोपं, पण आजचं लिहिलेलं चार दिवसांत कुठे वाहून जातं ते सापडत नाही. तिसरा होता फुकटातला ब्लॉग. दिसायला सरकारी अर्जासारखा, पण जुना लेख तारखेसकट राहतो आणि प्रत्येकाखाली कुणीही लिहू शकतं. मी तो घेतला. भाऊ म्हणाले, "मॅडम, लोकं काहीही लिहितात." मी म्हटलं, "लिहू द्या. आपल्याला लपवायचं काय आहे?"

पहिल्याच लेखात व्यापाऱ्यांना झोडपलं आणि ठळक अक्षरांत लिहिलं: आमचा तांदूळ वर्षभर कणगीत मुरवलेला. शहरात जुन्या तांदळाला मान असतो, एवढं मला माहीत होतं. मावशीला विचारलं नाही. पत्रकात जोरदार शब्द लागतो, तो मी घातला. तेव्हा कणगीत खरोखर गेल्या साली निघालेला धान होता, त्यामुळे काही बिघडलं नाही. लोकांनी मागवला, पुन्हा मागवला.

मग नवा धान निघाला. आमच्याकडे नव्या तांदळाचा पहिला भात म्हणजे मान. घमघमतो. तो आधी लेकीकडे, व्याह्याकडे जातो. मावशीनं त्याच मायेनं गिरणीतून भरडून आणलेला पहिला तांदूळ पुण्याच्या जुन्या ग्राहकांना धाडला. मला सांगितलं नाही. सांगण्यासारखं त्यात तिला काही वाटलंच नाही.

आठवड्याभरात ब्लॉगखाली एका बाईंनी लिहिलं: "पाहुणे जेवायला बसले आणि पातेल्यात गोळा. जुना म्हणून नवा विकता? मग तुमच्यात आणि व्यापाऱ्यांत फरक काय?"

मी जेवता जेवता उठून उत्तर लिहिलं. शहरातल्या लोकांना भात शिजवता येत नाही, हा दोष कष्टकरी बायकांचा नाही, वगैरे. तीन उद्गारचिन्हं. संध्याकाळपर्यंत खाली आणखी चौघांनी लिहिलं होतं: आमचाही गोळा झाला. कॉम्प्युटरवाल्या भाऊंना फोन केला. ते म्हणाले, "उडवून टाका ना मॅडम, एक बटन आहे."

बटण होतं. मी फोन घेऊन मावशीकडे गेले. ती अंगणात सुपानं कोंडा पाखडत होती. तिला सगळं वाचून दाखवलं, माझं उत्तरसुद्धा.

"नवाच होता तो," ती म्हणाली. "पानी कमी टाकाचं."

"मग सांगितलं काहून नाही?"

"तू इचारलं काय? अन् वर्षभराचा म्हनून कोनं लिवलं?"

"मी."

"मोठी मोर्चेवाली! गिराइकाले तहसीलदार समजून भांडून राहिली." तिनं सूप खाली ठेवलं. "अकरा जनींचं नाव हाय त्याच्यावर. त्या बाईनं पाहुन्यायसमोर खाली पाहिलं असन. उडवू नको काही. लिव, मी सांगतो तसं."

तिनं सांगितलं, मी लिहिलं. हा तांदूळ नवा आहे. जुना म्हणून लिहिलं ते खोटं होतं, लिहिणारीनं न विचारता लिहिलं. नव्याला पाणी कमी, शिजला की झाकण काढून वाफ जाऊ द्या. नको असेल त्यानं परत पाठवा, आणण्याचा खर्च आमचा. माझं तीन उद्गारचिन्हांचं उत्तर तिनं काढू दिलं नाही. "राहू दे. लोकायले दिसू दे कोन कसं बोललं ते."

दोघांनी पोती परत पाठवली. पुण्याच्या त्या बाईंनी पुढे काही लिहिलं नाही आणि काही मागवलंही नाही. चौघांपैकी एकानं लिहिलं की कमी पाण्यात बरा झाला, वासानं शेजारी विचारायला आले, तर पुढच्या साली नवा निघाला की कळवा. गटातल्या दोघी महिनाभर माझ्याशी बोलल्या नाहीत. त्यांचं बरोबर होतं.

तेव्हापासून लेख आधी अंगणात वाचायचा, मग टाकायचा. कापणीचा महिना, भरडाईचा दिवस सगळ्यात वर लिहायचा. परवाचा लेख वाचत होते. "सर्वोत्कृष्ट चवीचा" इथवर आले, तर धान निवडत बसलेली एक काकू मान वर न करता म्हणाली, "साऱ्या मुलुखाचा भात खाऊन आली काय वो तू?"

बायका हसल्या. मी शब्द खोडला आणि पुढचं वाक्य वाचायला घेतलं.