आंब्याच्या सालींचा ढीग

"मॅडम, पोरं डबा खात नाहीत," सावंत सर म्हणाले. ते आमच्या फॅक्टरीमागच्या शाळेत शिकवतात, मूळचे कोकणातले. "तुमच्या ढिगाच्या वासाने वर्गात बसवत नाही. पालक तक्रार करायला निघाले होते. मीच म्हटलं, आधी बोलून बघतो."

सिल्वासाजवळ, राखोलीला आमचा आंब्याच्या पल्पचा प्लांट. मी तिथे मायक्रोबायोलॉजिस्ट. सालींचं कंपोस्ट करायचं काम माझ्याकडे. यंदा सीझनला माल एकदम वाढला आणि ओल्या साली एकमेकींवर दबून बसल्या. ढिगात हवा जाईना. हवा मिळाली नाही की कामाचे जिवाणू मागे पडतात आणि हवेशिवाय जगणारे माजतात. तो आंबूस वास त्यांचा.

"महिनाअखेरपर्यंत थांबा," मी म्हटलं. "वास जाईल."

"नक्की?"

"नक्की."

"मग पालकांना मी सांभाळतो."

ढीग उपसून सालींत लाकडाचा भुसा आणि भाताचं तूस मिसळलं, म्हणजे मधे पोकळी राहते. आंबटपणा मोडायला थोडा चुना. वरून कल्चर, म्हणजे जिवाणूंचं विरजणच. ढीग सारखा खालीवर करत राहिलो. हळूहळू तो आतून तापला. जिवाणू कामाला लागल्याची ती खूण.

महिना संपायच्या आत वास गेला. सर बघायला आले, तेव्हा मी त्यांच्या हातावर मूठभर खत ठेवलं. त्यांनी हुंगून पाहिलं.

"ही तर माती झाली. शाळेच्या बागेला द्याल?"

"अजून पिकू दे. मग हवं तेवढं न्या."

त्याच आठवड्यात प्लांट हेड कुलकर्णी सरांनी बोलावलं. परदेशी कस्टमरचं ऑडिट लागलं होतं.

"उघड्यावर वेस्ट चालणार नाही. प्लांटच्या मंजूर नकाशात त्याला जागाच नाही. ढीग हलवावा लागेल."

"सर, ते आता वेस्ट राहिलेलं नाही."

"मला कळतं गं. पण हेड ऑफिसला फोटोत ढीगच दिसतो."

"वर शेड घालू या."

"मंजुरी यायच्या आत ऑडिट होऊन जाईल."

दुसऱ्या दिवशी जेसीबी आला. पहिला घाव बसला तशी वाफ उठली. ऑपरेटर थबकला. "मॅडम, अंदर आग है क्या?"

"नहीं. चलाओ," मी म्हटलं. सगळं डम्पिंगला गेलं.

ऑडिट पास झालं. साली आता ड्रममध्ये भरून ट्रकची वाट बघतात. ट्रक चुकला की वास शाळेपर्यंत जातो.

मी सावंत सरांना भेटायला शाळेत गेले. काय झालं ते सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं, चहा मागवला.

"तुमचा दोष नाही, मॅडम," ते म्हणाले. "फक्त पालक आता मला विचारत नाहीत. परस्पर तक्रार करतात."

तो चहा मला संपवता आला नाही.

इतर फॅक्टऱ्यांत नव्याने लागलेली मुलं कंपोस्टचं विचारायला येतात, तेव्हा मी कल्चरचं नंतर सांगते. आधी विचारते, तुमच्या फॅक्टरीच्या मंजूर नकाशात ढिगाला जागा आहे का? नसेल, तर जिवाणूंनी कितीही राबून खत केलं तरी कंपनीच्या लेखी तो कचराच.