दुकानाच्या नावाचा पांढरा पुडा

सून जर्मनीहून साताऱ्याला आली ती नऊ महिन्यांच्या नातवाला आणि डझनभर पांढरे पुडे घेऊन. बाळाच्या पेजेची तांदळाची पूड. पुड्यावर ना गुटगुटीत बाळाचं चित्र, ना कुठल्या कंपनीचं नाव. ज्या सुपरमार्केटातून घेतला त्याचंच नाव, तेही बारीक अक्षरात. माझं डोकंच फिरलं. "अगं, पहिलंवहिलं नातवंड, आणि त्याला हे रेशनवानी काय चारतीस?"

ती हसली. "आई, तिकडं डॉक्टरही हेच घेतात आणि बसचा ड्रायव्हरही. मोठ्या कंपनीचं घेतलं तर उलट विचारतात, जाहिरातीचे पैसे कशाला भरता?" तिची इंग्लंडातली बहीण म्हणे पाहुण्यांपुढंही दुकानाच्याच नावाची बिस्किटं ठेवते.

आमच्याकडं ठेवून बघा! इथल्या मॉलच्या नावाचं फिनेल मीपण आणते, पण तोंडात घालायचं म्हटलं की हात मागं येतो. आमचे हे फौजेतून रिटायर झालेले, त्यामुळं घरात चहापावडरीपासून सगळं कॅन्टीनचं, नावाजलेल्या कंपन्यांचं. शेजारणीनं तो पुडा बघितला तर काय म्हणेल, ह्याचीच मला धास्ती.

एके दिवशी सून एकटीच माहेरी सांगलीला गेली. वडिलांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन होतं. निघताना दोनदा बजावलं, "आई, त्याला दूध अजिबात चालत नाही. फक्त हाच पुडा." मी मान डोलावली. ती गेली आणि मी बाजारातून टीव्हीवर दाखवतात तो मोठ्या कंपनीचा डबा आणला. दूध नको ना? मग पाण्यातच कालवलं की! वर चोरासारखी पांढऱ्या पुड्यातली चार चमचे पूड मोरीत ओतली, तिला कळू नये म्हणून.

दहा मिनिटांत पोराचे ओठ सुजले. अंगभर गांधी उठल्या, श्वास घरघरायला लागला. ह्यांनी त्याला उचललं आणि रिक्षानं दवाखाना गाठला. मी शेजारी बसून नुसती "देवा, देवा" करत होते.

डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं, ऑक्सिजन लावला. मग विचारलं, "काय खाल्लं होतं ह्यानं?"

"त्यो जर्मनीचा पुडा," हे म्हणाले. "बिननावाचं कायबी घालत्यात पोराला!"

ह्यांनी सुनेला फोन लावला होता, स्पीकर चालू होता. ती रडत होती. "डॉक्टर, त्याला दूध चालत नाही, पण त्या पुड्यात नुसता तांदूळ आहे. मी रोज तेच देते. माझंच काही चुकलं का?"

माझ्याकडं कुणीच बघत नव्हतं. गप्प बसले असते तर खपून गेलं असतं. आणि खरं सांगते, मी गप्प बसले.

"कारण कळलं नाही तर हे परत होईल," डॉक्टर म्हणाले. "आणि दर वेळी इतक्या लवकर दवाखाना गाठता येईलच असं नाही."

बाळ कण्हलं. मला राहवेना.

"पुडा न्हाई वो," मी म्हटलं. "मी दुसरं चारलं. डब्यातलं. पाण्यात कालवून."

ह्यांनी माझ्याकडं असं बघितलं की जमीन दुभंगावी वाटलं. फोनवरचं रडणं थांबलं. "आई, कुठला डबा?" तिनं विचारलं. मी नाव सांगितलं.

"त्यात दुधाची पावडर असते," ती म्हणाली. बस, एवढंच. डब्यावर तसं लिहिलेलंही होतं. चष्मा लावून वाचायचे कष्ट मी घेतले नव्हते.

नातू वाचला. आता दुडूदुडू पळतो, दूध अजून चालत नाही. सून दर रविवारी व्हिडिओ कॉल करते, गोड बोलते. त्या दिवसाबद्दल तिनं एक अक्षर काढलं नाही. त्यापेक्षा चार शिव्या घातल्या असत्या तर बरं वाटलं असतं मला.

ह्या दिवाळीला सगळी आली. बाळाच्या खाण्याच्या बॅगेला बारकं कुलूप होतं. मी काही विचारलं नव्हतं, तरी मुलगाच म्हणाला, "आई, एअरपोर्टवर बॅगा उघडतात ना, म्हणून."

"व्हय रं," मी म्हटलं.