काहिलीतला फिशफाइंडर

रामूतात्यांच्या बबनचा फोन आला तेव्हा मी एका गिऱ्हाइकाच्या टीव्हीची पाठ उघडून बसलो होतो. "तात्या गेलं," एवढंच तो म्हणाला. माझ्या तोंडून पहिला शब्द निघाला तो, "पाण्यात?" बबन म्हणाला, "न्हाय. घरात. झोपेतच." आणि खोटं कशाला सांगू, मला हायसं वाटलं. माणूस गेल्याचं ऐकून हायसं वाटावं याची लाज फोन ठेवल्यावर वाटली. पण गेली सात-आठ वर्षं मी या फोनला घाबरून होतो. डोळ्यांनी जवळजवळ आंधळा झालेला माणूस रोज एकटा धरणाच्या पाण्यात जात होता आणि त्याला तिथे जाऊ देणारं यंत्र मी बसवून दिलेलं होतं. तो पाण्यात गेला असता तर माझ्यामुळे गेला, असंच मी धरून चाललो असतो.

रामूतात्या भोई गारगोटीच्या पुढच्या एका धरणाकाठी राहायचे. माझं कोल्हापुरात रेडिओ-टीव्ही दुरुस्तीचं दुकान. मला गळ टाकून मासे धरायचा नाद आहे आणि रंकाळ्याच्या काठावर बसून बसून मी ओळखीच्या लोकांच्या चौकशांना कंटाळलो होतो, म्हणून सुट्टीच्या दिवशी एसटीने तिकडे जायला लागलो. पहिल्या दिवशी दोन तास गळ धरून बसलो, काही लागलं नाही. मागे एक काळाकभिन्न, हडकुळा माणूस उकिडवा बसून हे सगळं बघत होता. शेवटी त्यालाच राहवलं नाही. "पावणं, तितं खाली नुस्ता खडक हाय. मासा काय दगड चाटाय यील व्हय?" हे तात्या. पुढे दहा वर्षांची ओळख झाली तरी मी त्यांच्या लेखी पावणंच राहिलो.

त्यांची होडी म्हणजे काहील होती. गुऱ्हाळात रस आटवतात ती लोखंडी काहील, आठेक फूट रुंद, जुनी झाली म्हणून गुऱ्हाळवाल्याने काढून टाकलेली. आमच्याकडे नदीकाठी अशा काहिलीतून माणसं सर्रास पलीकडे जातात. तिच्यात मी पहिल्यांदा बसलो तेव्हा ती गरकन फिरली आणि मी तात्यांच्या गुडघ्याला मिठी मारली. ते नुसते हसले. एका वल्ह्यावर ते तिला अशी सरळ नेत की रुळावरून चाललीय असं वाटावं. समोरचा डोंगर, मागचं देऊळ, एक उघडा कडा, एवढ्यावर नजर फिरवून ते सांगायचे की खाली आता चाळीस फूट पाणी आहे, की कुणाचं तरी जुनं शेत आहे. धरण भरायच्या आधी ते याच जमिनीवर चालले होते. इथे शिंगाळा मासा, तिथे मरळ, उन्हाळ्यात वाम त्या तिकडच्या घळीत. चुकले असं मी कधी पाहिलं नाही.

फिशफाइंडर आला तो माझ्या चुलतभावाच्या कृपेने. तो आखातात एका बंदरावर कामाला होता. मी त्याला टू-इन-वन टेपरेकॉर्डर आणायला सांगितला होता आणि हा पठ्ठ्या, तुला मासेमारीचा नाद आहे ना, म्हणून हे यंत्र घेऊन आला. लहान रेडिओएवढा पडदा, आणि वायरीच्या टोकाला पाण्यात बुडवायची लाडवाएवढी डबी. ही डबी खाली आवाज सोडते, तळाला लागून तो परत आला की ऐकते, आणि त्याला किती वेळ लागला त्यावरून पडद्यावर खोली दाखवते. मध्ये काही आडवं आलं की माशाचं चित्र काढते. मी उत्साहाने गच्चीवरच्या पाण्याच्या टाकीत डबी सोडली. पडद्यावर सात मासे आले. मी बायकोला हाक मारून वर बोलावलं. तिने पडदा बघितला, टाकीत डोकावली आणि म्हणाली की मग आजपासून आमटीत वेगळा मासा घालायला नको. आवाज टाकीच्या भिंतींवर आपटून परत येत होता, हे माझ्या डोक्यात दुसऱ्या दिवशी शिरलं.

सोबतच्या पुस्तकात लिहिलं होतं, डबी होडीच्या मागच्या बाजूला बसवावी. मी स्कूटरची बॅटरी, पक्कड, स्क्रू असा सगळा संसार घेऊन धरणावर गेलो आणि तात्यांना विचारलं, काहिलीची मागची बाजू कुठली? ते माझ्याकडे बघतच राहिले. "पावणं, काहिलीला मागं-पुढं काय नसतंय की." वीस वर्षं यंत्रं दुरुस्त करणाऱ्या माणसाला हे आधी सुचू नये... मग मी डबी आतून तळाला चिकटवली. लोखंडातून काहीच पलीकडे जाईना, पडदा कोरा. अखेर तात्यांनी एक कळकाचा तुकडा काठाला सायकलच्या ट्यूबने करकचून बांधला, त्याच्या खालच्या टोकाला डबी अडकवली आणि ती पाण्यात वीतभर बुडेल अशी सोडली. पडदा लगेच जिवंत झाला. माझं पुस्तक मी खिशात घातलं.

मधोमध गेल्यावर पडद्यावर माशांची रांगच लागली. मी ओरडलो की टाका जाळं. तात्यांनी पडद्याकडे बघितलं, डोंगराकडे बघितलं. म्हणाले, ह्यो पाटलाचा बुडाल्याला आंबा हाय, त्याच्या फांद्या हायत, जाळं टाकलं तर फाटून निघंल. मासा असा एका जागी उभा राहत नाही, हे त्यांनी मला समजावून सांगितलं. पुढे दोन-तीन खेपा मी यंत्र नेलं. त्यांना गंमत वाटली, गरज वाटली नाही. नंतर ते माझ्या दुकानातल्या फळीवर जाऊन बसलं.

दोनेक वर्षांनी त्यांचे डोळे जाऊ लागले. काचबिंदू. कोल्हापूरच्या डॉक्टरांनी सांगितलं की गेलेली नजर परत येणार नाही, आहे तेवढी थेंब घालून टिकवायची. तात्यांनी ते कुणाला सांगितलं नाही. मग एक दिवस सकाळी दहा वाजता, लख्ख उन्हात, काठावरच्या बायकांनी बघितलं की तात्यांची काहील पाण्यावर गोल गोल फिरतेय. कडा दिसेना, देऊळ दिसेना, त्यात काहील फिरली, म्हणजे दिशा गेली. हाक मारली असती तर कुणीही गेलं असतं. त्यांनी मारली नाही. त्यांचा पुतण्या होडी घेऊन गेला आणि त्याने काहील ओढत आणली.

त्यांचा मुलगा बबन शिरोलीला फाउंड्रीत कामाला, रविवारी गावी यायचा. चांगला मुलगा, बापावर जीव टाकणारा, म्हणूनच ऐकेना. काहील परत गुऱ्हाळावर द्यायची आणि तात्यांनी घरी बसायचं, असं त्याने ठरवून टाकलं. त्याच आठवड्यात तात्या बायकोचा, सोनाकाकीचा, हात धरून माझ्या दुकानाची पायरी चढले. मी चहा सांगितला. त्यांनी थेट विचारलं, ते यंत्र आहे का. मी म्हणालो, आहे की, पण तुम्हाला कशाला मासे शोधायला यंत्र?

"मासं मला गावत्यात, पावणं," ते म्हणाले. "मला माझं घर गावंना झालंय."

मी फळीवरून यंत्र काढलं आणि धूळ पुसली.

त्या यंत्राला खोलीची घंटा होती. आपण ठरवू त्याहून पाणी उथळ झालं की ते पी-पी करायला लागतं. होडी खडकावर चढू नये म्हणून. मी जुन्या रेडिओचा स्पीकर जोडून तो आवाज मोठा केला आणि तात्यांना सांगितलं की आवाज आला की धोका, तिथून वळायचं. तात्यांनी ते ऐकून घेतलं, दोन दिवस पाण्यात नेऊन बघितलं आणि साफ उलटं केलं. जुनी गाडीवाट डोंगराच्या एका सोंडेच्या पाठीवरून नदीला उतरत होती. ती सोंड आता पाण्याखाली होती, पण दोन्ही बाजूंपेक्षा उथळ होती, आणि ती बरोबर त्यांच्या घराखालच्या काठाला येऊन टेकत होती. म्हणजे घंटा वाजतेय तोवर आपण गाडीवाटेवर, बंद पडली की वाट सुटली. पुस्तकाने जिथे जाऊ नका म्हणून सांगितलं होतं, तीच त्यांची घरची वाट झाली. धरणाचं पाणी दर आठवड्याला वर-खाली होणार, म्हणून ते दोरीला दगड बांधून सोंडेच्या टोकाशी खोली मोजायचे आणि जितके फूट भरतील तेवढ्या वेळा बटण दाबायचे. बटण बोटाला लागावं म्हणून त्यावर पंक्चरच्या रबराचा तुकडा चिकटवलेला. माशांची घंटा त्यांनी मला बंद करायला लावली. ही बया पालापाचोळ्यालासुद्धा मासा म्हणती, असं त्यांचं तिच्याबद्दलचं मत होतं.

रविवारी बबन आला. त्याने एकच अट घातली. माझ्या डोळ्यांदेखत एकटं जाऊन या. चुकलात, तर काहील दुपारीच टेम्पोत चढवणार. मी, बबन आणि काकी काठावर उभे राहिलो. तात्या गेले. काहील लहान होत गेली, घंटा बारीक होत गेली, मग ऐकू यायची थांबली. त्यांनी जाळं टाकल्यासारखं वाटलं... मग बराच वेळ काहीच नाही. बबनच्या मानेची शीर ताणलेली मला दिसत होती. मग लांबून बारीक पी-पी आलं. थोडं जवळ आलं आणि बंद पडलं. बबनने चप्पल काढली. मी त्याचा दंड धरला, का धरला ते मला अजून सांगता येणार नाही, कारण मलाही उडी मारावीशी वाटत होती. काहील एकदा गरकन फिरली. तात्यांनी वल्हं पाण्यात उभं धरून तिला थांबवलं, डावीकडे दोन हात मारले, आणि घंटा पुन्हा सुरू झाली. तिथून ती काठापर्यंत बंद पडली नाही. तात्या उतरले तेव्हा त्यांच्या पायाशी दोन कटला मासे तडफडत होते. बबन गुडघाभर पाण्यात गेला, काहिलीचा काठ धरून तिला वर ओढलं आणि बापाकडे न बघता म्हणाला, "बॅटरी दर रविवारी मी भरून आणत जाईन."

त्यानंतर मी तात्यांची गोष्ट कोल्हापुरात किती जणांना सांगितली याला गणती नाही. दुकानात आलेला माणूस ती ऐकल्याशिवाय सुटत नसे. खरं सांगायचं तर त्यात तात्यांच्या जोडीने माझीही थोरवी असायची. वर्षातून दोन-तीनदा मी जायचो, यंत्र कसं चाललंय विचारायचो, उघडून साफ करू का म्हणायचो. तात्या म्हणायचे, झकास चाललंय, हात लावू नका, चालत्या गाडीला कशाला खीळ. मी खूश होऊन मासे घेऊन परत यायचो. त्यांच्यासारखा कसबी माणूस मी दुसरा पाहिला नाही. शिकलेल्या माणसाने दिलेली वस्तू उलटी धरून तिचा खरा उपयोग शोधणारा, आणि त्याचा जराही तोरा नसलेला.

कार्य होऊन गेल्यावर दोन आठवड्यांनी मी परत गेलो. घरात काकी एकट्याच होत्या. यंत्र खुंटीला टांगलेलं होतं. मला ते एकदा चालू करून बघावंसं वाटलं, शेवटच्या दिवशी तात्यांनी किती खोली लावली होती ती बघावी म्हणून. बॅटरीच्या वायरी जोडल्या. काही नाही. मागचं झाकण काढलं, तर आत सगळं हिरवं पडलेलं, पट्ट्या गंजून गळालेल्या. हे काही महिन्याभराचं काम नव्हतं. मी काकींकडे बघितलं.

"दुसऱ्याच पावसाळ्यात त्यात पानी गेलं, भाऊ," काकी म्हणाल्या.

म्हणजे सहा वर्षं... सहा वर्षं तात्या मुक्या यंत्राला काहिलीत घेऊन जात होते. बबनला कळलं असतं तर काहील गेली असती. आणि मला? मला वाईट वाटेल म्हणून सांगायचं नाही, असं तात्यांनी काकींना बजावलं होतं. रविवारी किंवा मी आलो की तात्या पाण्यात उतरत नसत, त्यामुळे घंटा वाजत नाही हे आम्हा दोघांनाही कधी कळलं नाही. बबन दर रविवारी बॅटरी भरून आणायचा आणि ही किती छान टिकते म्हणून नवल करायचा.

मग घरी कसे यायचे, मी विचारलं. काकींनी सांगितलं ते असं. यंत्र बंद पडलं त्या दिवशी तात्या भर पाण्यात थांबून राहिले होते. तेव्हा काकी खाली दगडावर धुणं धूत होत्या. तो आवाज धरून तात्या काठाला आले. घरी येऊन एवढंच म्हणाले, उद्यापास्नं ह्याच वक्ताला धुणं काढत जा. दोन माणसांच्या घरात रोज धुणं असणार किती? "मग वाळल्यालीच लुगडी परत भिजवायची," काकी म्हणाल्या.

मी विचारलं, हे लिहिलं तर चालेल का, बबन वाचेल. "लिवा की. आता कोन कुनाला अडवनार हाय?"

अकराचा सुमार झाला तशा त्या उठल्या. दोरीवरची दोन कोरडी लुगडी काढून बादलीत टाकली. मी म्हणालो, काकी, आता कशाला? त्या उतार उतरून पाण्याकडे गेल्या. मी उंबऱ्यात बसलो. समोर अख्खं धरण मोकळं पडलं होतं आणि खालून धोपटण्याचा आवाज येत होता, सारखा, एका लयीत. तात्या असताना काहील काठाला लागली की त्या थांबत असणार. एक लुगडं झालं, दुसरं झालं, मग त्यांनी पहिलं पुन्हा भिजवायला घेतलं.