पेटीनं गायचं नसतं

माझ्या बहिणीच्या नवऱ्याच्या तोंडातून शब्द काढायचा तर पक्कड लागते, असं आम्ही त्यांच्या लग्नाच्या दुसऱ्या दिवसापासून म्हणत आलोय. भाऊजी सुतार आहेत. दारं, पलंग, दुकानांची शेल्फं, सांगाल ते करतात आणि करताना बोलत नाहीत. गिऱ्हाईक आपल्या मनातल्या कपाटाचं लांबलचक वर्णन करतं, भाऊजी शांतपणे ऐकतात, त्यांची एक भुवई किंचित वर जाते, आणि गिऱ्हाईकाला आपोआप कळतं की आपण मागितलेले कप्पे त्या भिंतीत मावायचे नाहीत.

लाकडाशी मात्र त्यांचं काहीतरी चालतं. फळी निवडताना ते बोटाच्या पेरानं टकटक करतात आणि डोळे मिटून ऐकतात. निरोगी, नीट वाळलेली फळी खणखणीत वाजते. ओली किंवा आतून किडलेली असली की आवाज दबका येतो. वाजेल ते लाकूड घ्यायचं, न वाजेल ते परत पाठवायचं, एवढ्यावर त्यांनी आयुष्य काढलं.

ताई त्यांच्या अगदी उलट. बोलण्याचा सोस आमच्या घराण्यातच आहे, ते मी वेगळं सांगायला नको. आधी आधी मला ताईची दया यायची. बिचारी दिवसभर भिंतीशी बोलते, असं वाटायचं. एकदा तसं म्हणालेसुद्धा, तर ती माझ्याकडेच चमत्कारिक नजरेनं बघायला लागली. "अगं, आत्ता केवढं बोलले ते! तू बघितलं नाहीस?" तिच्या लेखी नवऱ्याच्या चेहऱ्यावर अख्खं वर्तमानपत्र छापलेलं असायचं. कपाळाला आठी म्हणजे नको. ओठ डावीकडे वळले म्हणजे हो, पण तुझं चुकतंय. नाकाचा शेंडा खाजवला म्हणजे मनातून हसू येतंय. ती विचारायची, चेहऱ्यावर वाचायची, पुढचं विचारायची. मला त्यातलं ओ की ठो कळायचं नाही, पण त्यांचा संसार त्या भाषेत उत्तम चालला होता.

सिनेमाचा नाद दोघांनाही. दर आठवड्याला दुपारचा खेळ. बाहेर लख्ख ऊन असताना अंधारात शिरायचं आणि बाहेर येऊन पुन्हा उन्हात डोळे किलकिले करत उभं राहायचं, यात ताईला कसलंसं सुख होतं. येताना वाटभर ती सिनेमाची गोष्ट सांगायची, शेजारीच बसून तो सिनेमा बघितलेल्या माणसाला. आणि तो माणूस पहिल्यांदाच ऐकतोय अशा चेहऱ्यानं चालायचा.

मग ताईच्या डोळ्यांचं मधलं गेलं. आधी सुईत दोरा जाईना, मग वाणसामानाच्या पुड्यांवरची अक्षरं वाकडी दिसायला लागली, आणि मग ती जिथे बघेल तिथे मधोमध एक करडा डाग येऊन बसायला लागला. डॉक्टर म्हणाले, कडा राहतील, मधलं परत येणार नाही. म्हणजे तिला दाराची चौकट दिसायची, चौकटीत कोण उभं आहे ते दिसायचं नाही. टेबल दिसायचं, पण ताट चाचपावं लागायचं. घरात ती न अडखळता फिरायची, म्हणून लोकांना वाटायचं, एवढं काही नाही.

एका दुपारी आम्ही दोघी मटार सोलत बसलो होतो. शेंगा तिच्या बोटांना बरोबर सापडत होत्या. मी उगीच धीर द्यायला म्हणाले, "सिनेमाचं वाईट वाटत असेल ना?" ती हसली. "सिनेमा गेला तर गेला गं. पण ह्यांचा चेहरा गेला. मी बोलते आणि पलीकडून काहीच येत नाही. रिकाम्या घरात हाका मारल्यासारखं वाटतं." आणि मग पुढे काहीच बोलली नाही.

मी घाबरले ती तेव्हा. कारण मला जाणवलं की ताई बऱ्याच दिवसांत आपणहून काही बोललीच नव्हती. विचारलं तर उत्तर, नाहीतर खिडकीशी बसणं. डोळ्यांची सवय माणसाला होते, पण माझी बहीण गप्प झाली तर उरणार काय तिचं?

हे सगळं मी तशीच उठून भाऊजींना सांगायला गेले. त्यांचं कामाचं ठिकाण घरामागेच आहे, लांबट पत्र्याची खोली. दुपारी तिथे वरच्या झरोक्यातून उन्हाचा एकच तिरपा पट्टा येतो आणि त्यात लाकडाचा भुसा तरंगत असतो, खाली बसायची काहीच घाई नसल्यासारखा. रंध्याच्या गुंडाळ्या पायाखाली मऊ लागतात. तिथे गेलं की माझासुद्धा आवाज खाली येतो. भाऊजी सागाची एक फळी उन्हात धरून उभे होते. जुन्या दरवाजाची फळी, वर्षानुवर्षं जपून ठेवलेली, मधाच्या रंगाची. शेजारी काळ्या गोल चकत्या ठेवल्या होत्या, स्पीकरच्या पोटात असतात तशा.

"हे काय?"

"तिच्यासाठी." एवढं बोलून ते थांबले. मला वाटलं, संपलं. पण मग, विहिरीतून कळशी वर येते तेवढ्या वेळानं, पुढचं वाक्य आलं. "पुढे तीन, मागे दोन. कोण कुठून आला, कुठे गेला, ऐकून कळेल. थेटरात कळतं तसं."

आता यावर माणसानं रागवावं की रडावं? मी रागावले. म्हटलं, "भाऊजी, अहो, काखेत कळसा नि गावाला वळसा! तिला सिनेमा नकोय. तुम्ही चार शब्द बोला तिच्याशी." त्यांनी माझ्याकडे बघितलं, चेहऱ्यावर काहीतरी उमटलं, आणि ते काय होतं ते वाचायला ताई तिथे नव्हती. मी पाय आपटत निघून आले.

स्पीकरच्या पेट्या मात्र अशा झाल्या की रागातही बघत राहावं. सागाच्या फळ्या त्यांनी पातळ तासल्या, सतारीच्या पोटासारख्या. कोपऱ्यांना एक खिळा नाही. दोन्ही हातांची बोटं एकमेकांत गुंतवावीत तसे सांधे. किती दिवस ते नुसता हात फिरवून फिरवून कडा गोल करत होते. ताई कधी तिथे येऊन बसायची. ती पेट्यांवरून बोटं फिरवायची, ते तिच्या बोटांकडे बघायचे, आणि भुसा दोघांच्या केसांत उतरत राहायचा. मला ती खोली तेव्हा पाण्याखाली असल्यासारखी वाटायची. सुंदर होतं ते सगळं, नाही म्हणत नाही. पण बोलणं? नाव नको.

पहिल्यांदा सिनेमा लावला त्या संध्याकाळी मीही होते. ताईला मधल्या खुर्चीवर बसवलं. टीव्हीच्या पडद्यावर एक म्हातारा आपल्या मुलीला काहीतरी समजावत होता. ताईनं मान तिरकी केली, ऐकलं, आणि म्हणाली, "हा कपाटात बसून का बोलतोय?"

मुलगी बोलली. तीही कपाटातच. मग सिनेमात गाडी सुरू झाली आणि आमच्या शेल्फावरचे पेले थरथरायला लागले. मी हसू दाबायचा फार प्रयत्न केला, साधलं नाही. ताई मात्र लगेच म्हणाली, "नाही, छान आहे हो. खूप छान आहे," आणि तिचा तो समजूतदार आवाज ऐकून माझं हसू पार विरलं. भाऊजींनी सिनेमा बंद केला. मग सागाची एक पेटी उचलून, बाळाला घ्यावं तशी छातीशी धरून, रेडिओवाल्याकडे गेले. मीही मागोमाग गेले. तिथे यांच्या वतीनं बोलणार कोण?

रेडिओवाला म्हणजे कोपऱ्यावरचा दुरुस्तीवाला. त्या चकत्या त्याच्याकडच्याच होत्या. त्यानं पेटीवर टकटक केली. ती खणखणीत वाजली, आवाज खोलीभर रेंगाळला. भाऊजींच्या चेहऱ्यावर अभिमान आलेला मलाही वाचता आला. रेडिओवाल्यानं कपाळाला हात लावला.

"अहो मिस्त्री, ही तर स्वतःच गातेय! आतला बोलतो त्यात हिचाही सूर मिसळतो. वाद्य वेगळं नि ही वेगळी. पेटीनं गायचं नसतं. तिनं मुकं राहायचं, तेव्हा आतल्याचा आवाज बाहेर येतो."

"मुकं राहण्यात आमच्या भाऊजींचा हात कोण धरणार?" मी म्हणाले. रेडिओवाला हसला, भाऊजी हसले नाहीत. ते पेटीवरून हात फिरवत होते. आयुष्यभर ज्या आवाजासाठी लाकूड निवडलं, नेमका तोच इथे नडला होता.

"मग कशाची करू?"

"जाड एमडीएफ घ्या."

एमडीएफ हे आमच्या भाऊजींच्या लेखी लाकूड नव्हे, लाकडाचं उष्टं. भुसा आणि गोंद दाबून केलेली फळी. एका गिऱ्हाईकानं स्वयंपाकघराला ती मागितली तेव्हा यांनी काम सोडून दिलं होतं. आता स्वतः जाऊन घेऊन आले. ती तपकिरी, बिनरेषांची फळी त्यांनी टेबलावर ठेवली आणि सवयीनं पेरानं टकटक केली. ठप्प. तोंडावर उशी ठेवून बोलावं तसं. ते बराच वेळ तसेच उभे होते, आणि मग त्यांनी करवत घेतली.

दुसऱ्या पेट्या दिसायला ओबडधोबड झाल्या. आत आडव्या पट्ट्या ठोकल्या, जुन्या गादीतला कापूस भरला. पाठीवर थापट मारली तरी हूं की चूं करत नव्हत्या. लावायच्या आधी रेडिओवाल्यानं एक गोष्ट बजावून सांगितली होती: मागच्या दोन पेट्यांची जागा आधी ठरवा. तिथे माणसानं उभं राहून बोलायचं, खुर्चीतल्यानं न बघता आवाजाकडे बोट दाखवायचं. बोट बरोबर आलं की तिथे खूण करायची.

दुपारची वेळ होती. पडदे ओढलेले, त्यांच्या फटीतून थोडं ऊन गालिच्यावर सांडलेलं. ताई खुर्चीत, मी भिंतीवर खूण करायला खडू घेऊन. भाऊजींनी मला मागच्या कोपऱ्यात उभं राहायची खूण केली. मी आनंदानं सुरुवात केली. ताई वैतागली. "तुझा आवाज घरभर असतो गं. तो कुठून येतो ते देवालाही सांगता यायचं नाही. ह्यांना उभं कर."

भाऊजी कोपऱ्यात गेले.

"काय बोलू?"

"काहीही."

"साग," ते म्हणाले. ताईनं बोट दाखवलं. ते अर्धं पाऊल सरकले. "देवदार." तिनं बोट दाखवलं. "अक्रोड."

"एकेका शब्दानं नाही समजत. सलग बोला."

त्यांनी कोपऱ्याकडे वळून भिंतीवरून हात फिरवला. मग ते म्हणाले, "हा कोपरा काटकोनात नाही. गवंड्याला तेव्हाच कळायला हवं होतं. कपाट लावताना मी मागे पाचर घातली. तुला सांगितलं नाही."

ताई हसली. तिचं ते हसू मी फार दिवसांनी ऐकलं. "आणखी काय काय सांगितलं नाहीत?"

ते सांगायला लागले. हळू, अडखळत, नवीन गिरमिट लाकडात शिरावं तसं. साग फुकट गेल्याचं वाईट वाटलं. त्याच्या आता खिडकीला फळ्या करीन. तू खोलीत येऊन बसतेस तेव्हा रंधा सरळ चालतो. मी पाठमोरी उभी राहून भिंतीकडे बघत होते, कारण दुसरीकडे कुठे बघावं ते मला कळत नव्हतं.

मग ताईनं विचारलं, "मी कशी दिसते आता?"

मी वळले. ती म्हणाली, "आरशात माझंसुद्धा तोंड पुसलेलं असतं. मला ठाऊकच नाही. सांगा ना."

मला वाटलं, आता झालं. हा माणूस आता नाकाचा शेंडा खाजवेल आणि सगळं मुसळ केरात. पण ते खरंच बघायला लागले, फळी उन्हात धरून बघतात तसे. तिच्याकडे, नीट, सावकाश.

"कानाजवळ केस पांढरे झालेत," ते म्हणाले. "डावीकडे जास्त. कपाळावर दोन रेषा आहेत, एक लांब, एक आखूड. हसलीस की डोळ्यांच्या कडेला आणखी येतात. गाल थोडे उतरलेत. हनुवटी तशीच आहे. मला..." ते थांबले. "मला बघायला आवडतं."

ताईचा चेहरा त्यांच्या बाजूला वळलेला होता. सरळ, नेमका, त्यांच्या तोंडासमोर. सूत लावून बघितलं असतं तरी फरक निघाला नसता. मांडीवरचं बोटसुद्धा त्या दिशेनं अर्धवट उचललेलं होतं. तिनं ते हळूच खाली ठेवलं.

"नाही हो कळलं, कुठून बोलताय ते," ती म्हणाली. "परत सांगा."

भाऊजींनी तिच्या बोटाकडे बघितलं. केसभर फरक ज्यांच्या नजरेतून सुटत नाही, त्यांना ते दिसलं नसेल असं होणार नाही. मी तोंड उघडलं, आणि जन्मात पहिल्यांदा काही न बोलता मिटलं.

"कानाजवळ," त्यांनी पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली, "केस पांढरे झालेत."