भाचीची पट्ट्यांची व्हायोलेट

एका पुष्पप्रदर्शनात पहिला नंबर यावा म्हणून मी एका झाडाचे सगळे फुटवे स्वतःच्या हातानं उपटले, खरकट्याच्या बादलीत टाकले, वर चहाचा चोथा ओतला आणि हात धुऊन समाधानानं कपभर चहा घेतला. तो चहा मला अजून आठवतो. आलं घातलेला, फक्कड झाला होता. आपण काय केलंय हे कळायला मात्र पुढं जवळजवळ वर्ष गेलं. हुशार बायकांना वेळ लागतोच. नात विचारते, आजी, तू एवढी येडी होतीस? होते बाई, आणि वर शहाणी म्हणून मिरवत होते.

झाड आफ्रिकन व्हायोलेटचं. ज्यांनी पाहिलं नसेल त्यांना सांगते: हातात मावेल अशी कुंडी, तिच्यात ताटलीसारखी पसरलेली लवदार, मखमली पानं आणि मधोमध फुलांचा झुपका. ऊन लागलं की करपतं. पानावर पाणी पडलं की डाग धरतं. मुळाशी ओल साचली की कुजतं. सासूनं असे नखरे केले असते तर मी माहेरी निघून गेले असते, पण या झाडाचे मी हौसेनं पुरवत होते.

नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं. मी पाटबंधारे कचेरीत कारकून, नवरा शाळेत शिक्षक, राहायला कोल्हापुरात सरकारी क्वार्टर, दुसरा मजला. स्वयंपाकघराच्या उत्तरेच्या खिडकीत मी एक फळी ठोकून घेतली होती आणि तिच्यावर श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यांत माझ्या व्हायोलेट मांडल्या होत्या. डब्याच्या बुडाला भोक, भोकातून सुती वात, वातीचं टोक खालच्या वाटीतल्या पाण्यात. झाड लागेल तेवढंच पाणी वातीतून ओढून घेतं. नवरा म्हणायचा, मी टायफॉइडनं पडलो तेव्हा एवढी सोय माझी नव्हती केलीस. नव्हतीच केली.

शहरात बागेची हौस असणाऱ्या बायकांचं एक मंडळ होतं, दर हिवाळ्यात त्यांचं प्रदर्शन भरायचं. बहुतेक जणी बंगल्यांतल्या. माळी त्यांचे, बक्षिसंही त्यांचीच. माझं झाड बघून कुणी थांबलीच तर विचारायची, राहता कुठं, आडनाव काय. मी सांगितलं की "हो का" म्हणून पुढच्या कुंडीकडं सरकायची. आम्ही बौद्ध, हे आडनावावरून कळायचं, आणि कळलेलं त्यांच्या चेहऱ्यावर मला कळायचं. उलट बोलायची माझी टाप नव्हती. म्हणून मी मनाशी ठरवलं, यांच्या नाकावर टिच्चून एकदा पहिला नंबर काढायचा. तळहाताएवढ्या कुंडीनं ते "हो का" बंद पडेल असं मला खरंच वाटत होतं.

माझी थोरली बहीण, आक्का, कुरुंदवाडला प्राथमिक शाळेत शिकवायची. तिला एकुलती एक मुलगी. आमच्या सगळ्या गोतात पहिली इंजिनिअर झालेली, बंगळूरला नोकरीला. माझ्या वेडाची लागण तिलाही झाली होती. तिथल्या कुठल्याशा नर्सरीतून तिनं एक व्हायोलेट आणली आणि फोन करून मला चिडवलं, मावशी, तुझ्याकडं असली नाही. पाकळ्या पांढऱ्या, प्रत्येक पाकळीच्या मधून जांभळा पट्टा, सगळं फूल जत्रेतल्या कागदी भिंगरीसारखं. मी म्हटलं, थापा मारू नको, फोटो पाठव. फोटो आलाच नाही. उन्हाळ्यात तिला मेंदूचा ताप झाला आणि आठवडा पुरा व्हायच्या आत सगळं संपलं.

आक्का आणि भावजी तिच्या खोलीतलं सामान आणायला गेले. परत येताना रात्रीच्या गाडीनं सकाळी कोल्हापुरात उतरले ते आमच्याकडं आले. भावजी सुटकेस दारातच ठेवून भिंतीला टेकून बसले. आक्काच्या हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली कुंडी होती, सबंध रस्ता तिनं ती मांडीवर धरली होती. ती ओट्यावर ठेवून म्हणाली, "मला ही बघवत न्हाय. पर मरू दिऊ नको. तुला ह्यातलं कळतंय."

तुला ह्यातलं कळतंय. त्या सकाळीसुद्धा हे वाक्य माझ्या कानाला गोड लागलं. आता या वयात लपवून काय करायचं?

पावसाळ्यात त्या व्हायोलेटला कळ्या आल्या. पहिलं फूल उघडलं तेव्हा मी कुरुंदवाडला शेजाऱ्यांच्या फोनवर निरोप ठेवला आणि दुसऱ्या दिवशी आक्का एसटीनं आली. आधी ती खिडकीकडं पाठ करून बसली. चहा झाला, पोरीच्या पुण्यानुमोदनाला, आमच्यातल्या दिवसकार्याला, कोण आलं होतं, कोण नव्हतं, हे बोलणं झालं. मग तिनं खुर्ची फिरवली आणि कितीतरी वेळ त्या फुलाकडं बघत राहिली. निघताना म्हणाली की हिची आणखी रोपं होत असतील तर कर, तिच्या मैत्रिणींना एकेक देऊ, तिच्या नावानं. त्या दिवसापासून आक्का दर महिन्याला यायची. माझ्याकडं न्हवं, खिडकीकडं. मला त्याचं वाईट वाटायचं नाही, उलट फुशारकीच वाटायची. आक्काच्या जिवाला एवढाच एक आधार उरलाय आणि तो माझ्या फळीवर आहे.

आणि त्याच फळीकडं बघून माझ्या डोक्यात प्रदर्शनाचं भूत शिरलं. असली भिंगरी कोल्हापुरात कुणाकडं नव्हती. मी आक्काला सांगितलं, लोक तिचं फूल बघतील. ती काही बोलली नाही. मी ते होकार म्हणून घेतलं.

प्रदर्शनाचा नियम असा की व्हायोलेटला गाभा एकच हवा, बुडाशी एकही फुटवा नको, आणि पानांचा घेर सगळीकडून सारखा. या झाडाला फुटवे फार यायचे. मी विणायची सुई घेऊन बसले आणि पानांच्या बेचक्यांतून एकेक उपटून काढला. ते गेले बादलीत, ते वर सांगितलंच. उसाच्या मुलखात जन्मलेली मी, फुटव्याला शेतकरी किती जपतो हे लहानपणापासून बघितलेली. पण म्हटलं ना, मला ह्यातलं कळत होतं. घेर सारखा करायला खालची काही पानं काढली, ती मात्र जपून ठेवली. देठ तिरका कापला, वाळू मिसळलेल्या मातीत खोचला, वर प्लॅस्टिकची पिशवी बांधली. दोनेक महिन्यांत देठाच्या बुडाशी उंदराच्या कानाएवढी पानं डोकावायला लागतात. रोपं करायची माझी हीच रीत, आणि ती कधी फसली नव्हती.

उरलेल्या पानांवरची धूळ मुलाच्या जुन्या टूथब्रशानं झाडली, आणि प्रदर्शनाच्या दिवशी नवऱ्याला रिक्षावाल्याशेजारी बसवून मागची सबंध सीट कुंडीला दिली.

परीक्षक बाई बाहेरगावच्या होत्या, वयस्कर, गळ्यात चष्मा अडकवलेला. माझ्या झाडापाशी त्या वाकल्या आणि वाकूनच राहिल्या. मग विचारलं, याचे फुटवे काढलेत ते लावलेत ना? मला वाटलं, बाई माझी परीक्षा घेतायत, एखादा फुटवा राहिलाय का बघतायत. मी छाती काढून म्हणाले, एकसुद्धा ठेवला नाही, सगळे टाकले. त्यांनी माझ्याकडं जरा विचित्र बघितलं. काहीतरी बोलणार तेवढ्यात मंडळाच्या बायकांनी त्यांना चहाला नेलं. ते बघणं मी कौतुकात जमा केलं.

पहिला नंबर आला. एक छोटा कप मिळाला, आणि अध्यक्षीणबाईंनी माझं आडनाव माइकवर नीट उच्चारलं. त्यानंतर जेवायच्या रांगेत त्यांच्यातल्याच एकीनं मला पुन्हा विचारलं, राहता कुठं. मी सांगितलं. ती म्हणाली, हो का.

पुढच्या पावसाळ्यात हवा फार दमट झाली आणि भिंगरीचा गाभा कुजला. सकाळी बघितलं तर पानं ओल्या फडक्यासारखी लोंबत होती. मधली कोवळी पानं चिमटीत धरली तर हातातच आली. मी रडले नाही. कशाला रडायचं? पानांपासून केलेली रोपं एव्हाना डब्याडब्यांत बसली होती. मी आक्काला शेजाऱ्यांच्या फोनवर बोलावलं आणि मोठ्या दिलाशाच्या सुरात म्हणाले, "आई गेली तरी लेकरं हायत की." लेक गेलेल्या बाईला मी हे म्हणाले. पलीकडं फोन ठेवल्याचं खट्ट झालं. मला वाटलं, लाइन गेली.

नंतर आक्का आली आणि सगळ्यांत जोमदार रोप घेऊन गेली. या खेपेला म्हणाली, आता माझ्या खिडकीत ठेवते, आता बघवेल. मग दर रविवारी तिचा फोन यायला लागला. नवीन पान आलं. वात बदलली. कळी येईल तवा कशी वळखायची? तिच्या आवाजात कितीतरी दिवसांनी काहीतरी वाट बघितल्यासारखं आलं होतं. मी इकडं फोनवर तज्ज्ञासारखी हुं हुं करत होते.

थंडी पडली तशी माझ्याकडच्या रोपांना कळ्या आल्या. पहिलं फूल उघडलं ते सबंध जांभळं. पट्टा नाही, पांढरा ठिपकासुद्धा नाही. मी स्वतःची समजूत घातली, पहिलटकरीण आहे, बिचकली असेल. दुसरं जांभळं. दुसऱ्या डब्यातलं जांभळं. फळीवर सगळीकडं तेच, कुठल्याही घरात असतं तसं साधं जांभळं.

अध्यक्षीणबाईंकडून परीक्षक बाईंचा नंबर घेतला आणि एसटीडी बूथमधून फोन केला. त्यांनी शांतपणे सांगितलं. या पट्ट्यांच्या जातीचं तसंच असतं. पानातून पट्टे उतरत नाहीत, पान लावलं की साधं फूल येतं. पट्टे हवे असतील तर बुडाचा फुटवाच लावावा लागतो. म्हणून तर त्या दिवशी विचारलं होतं, म्हणाल्या. आणि मग हळू आवाजात, मूळ झाड आहे ना अजून? मी फोन ठेवला. बूथवाला म्हणाला, ताई, बसा जरा. बसले.

त्या आठवड्यात मी कोल्हापुरातल्या, सांगली-मिरजेतल्या नर्सऱ्या पालथ्या घातल्या. मिळाली असती तर हुबेहूब भिंगरी आणून मी आक्काच्या खिडकीत बदलून ठेवली असती, आणि आयुष्यभर तोंड उघडलं नसतं. एवढी मी धुतल्या तांदळासारखी नाही. पण मिळाली नाही. नवरा म्हणाला, सांगूच नकोस, तिच्याकडं कळी आलीच नाही तर प्रश्नच मिटला. तेवढ्या आशेवर मी आणखी काही दिवस काढले. आक्काचा रविवारचा फोन एकदा आला नाही, पुढच्या रविवारीही आला नाही. मी स्वतःला म्हटलं, बघ, कळी नसेलच. आणि मग माझंच मला सहन होईना, तेव्हा कुरुंदवाडची गाडी धरली.

दार भावजींनी उघडलं आणि ते आत गेले. बाहेरच्या खोलीत बाबासाहेबांच्या आणि बुद्धाच्या फोटोशेजारी पोरीचा फोटो, तिच्या पदवीचा, काळ्या गाऊनमधला. त्याच्या बाजूच्या खिडकीत कुंडी. तिच्यावर फुलांचा झुपका, गच्च, निरोगी, सगळा जांभळा. काही फुलं तर उमलून जुनी झाली होती, कडा सुकल्या होत्या. मला काय ते कळलं.

आक्कानं पाणी दिलं, तब्येत विचारली, पोरांचं विचारलं. खिडकीकडं बघितलं नाही. मी सगळं सांगितलं. नियम, सुई, बादली, चहाचा चोथासुद्धा. परीक्षक बाईंनी विचारलेलं आणि मी छाती काढून दिलेलं उत्तर. नर्सऱ्या शोधल्या, त्या का शोधल्या तेही. सांगताना मी रडत होते आणि ती तांदूळ निवडत होती. खडा काढायची, बाजूला ठेवायची. माझं संपल्यावर तिनं विचारलं, "नंबर आला न्हवं पर?"

"आला," मी म्हटलं.

ती ताट बाजूला सरकवून उठली. खिडकीशी गेली, एक सुकलेलं फूल देठासकट खुडलं आणि मुठीत धरलं. माझ्याकडं न बघताच बोलली.

"ते तिचं न्हाय, मला म्हाईत हाय. पयलं उघडलं तवाच कळलं. फोन केला न्हाय, म्हटलं, तू रडत बसशील. आता आलीयास तर जेवून जा. आनि ऱ्हायलेली रोपं वाटायची तर खुशाल वाट, पर कुणाला तिच्या नावानं दिऊ नको."